तक्रारीचं बाकडं

आपल्याशी भांडायला आलेल्या माणसाला बसायला बाकडं, प्यायला चहा आणि दिवस मावळायच्या आत नोकरी देणारा मालक साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या आईचा धाकटा भाऊ निघाला, हे मी माझ्या संसारातलं पहिल्या क्रमांकाचं सुख समजतो. (बायको हे वाचणार आहे याची मला कल्पना आहे. तिचा क्रमांक वेगळ्या यादीत आहे.) नात्यानं ते माझे मामेसासरे, पण सारं कोल्हापूर त्यांना मामा म्हणत असल्यानं मीही मामाच म्हणतो. लोखंडी कपाटांचा त्यांचा कारखाना. एक लांबलचक पत्र्याची शेड, पत्रा वाकवायचं एक मशीन, वेल्डिंगची दोन, रंगाचा एक फवारा, चौदा माणसं आणि एक मांजर. हे मांजर दर खेपेला सगळ्यात नव्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात व्यायचं, आणि पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत त्या कपाटाचं गिऱ्हाईक ‘रंग वाळतोय’ या उत्तरावर परत जायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेतल्या बदलीनं मी कोल्हापुरात आलो, तेव्हा मामांनी मला सर्वांत आधी दाखवलं ते मशीन नव्हे, बाकडं. शेडच्या दाराशी सागवानी, पाठीला टेकण असलेलं, तेल लावून चकचकीत ठेवलेलं ते बाकडं फक्त तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी राखीव होतं. माल घ्यायला येणारं गिऱ्हाईक उभं राहायचं. तक्रारवाला बाकड्यावर, आणि त्याच्यासमोर वीतभर उंचीच्या स्टुलावर खुद्द मामा. मी कारण विचारलं, तर म्हणाले, ‘पावणं, भांडणारा माणूस उंच बसला पायजे. मान वर करून भांडावं लागलं की राग घशात अडकतोय. मग त्यो निम्माच भाईर येतोय, आन् निम्मी खोट आपल्याला कळायची राहती.’

कारखान्यातली निम्मीअधिक माणसं या बाकड्यावरूनच आत आलेली होती. त्यात पहिला मान आक्काताईंचा. बाई कागलच्या बाजूची, घरात चार म्हशी, आवाज आठ म्हशींना पुरेल असा. भाचीच्या लग्नाच्या सकाळी हिच्या कपाटाचं कुलूप जे बसलं ते उघडेना. आत दागिने, आतच शालू. बाई मोकळ्या गळ्यानं आणि घरातल्या लुगड्यावर मांडवात हिंडली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं, मुठीत किल्ली घेऊन, बाकड्यावर येऊन बसली.

‘ही किल्ली कुणाची?’ तिनं विचारलं.

‘आमचीच,’ मामा म्हणाले.

‘आन् कुलूप?’

‘त्येबी आमचंच.’

‘मग दोघांची ओळख करून द्यायची राहिली काय तुमची?’

मामांनी स्वतःसाठी मागवलेला चहा तिच्याकडं सरकवला आणि म्हणाले, ‘आणखी बोला.’ ती तासभर बोलली. कुलपापासून निघून ती पत्र्यावर आली, पत्र्यावरून कप्प्यांवर, कप्प्यांवरून मामांच्या घराण्यावर, आणि परत कुलपावर आली. ती दमल्यावर मामांनी विचारलं, ‘आक्का, असं कपाट पुन्यांदा भाईर जाऊ नये म्हणून काय करायला पायजे?’

‘काय करायचं? धाडायच्या आधी कुणीतरी धा येळा उघडून बघायचं.’

‘मग बघा की तुमीच. कवापास्नं येतासा?’

‘चेष्टा करायलाईसा काय माझी?’

चेष्टा नव्हती. पुढच्या सोमवारपासून आक्काताईंनी उघडून पाहिल्याशिवाय एकही कपाट शेडबाहेर पडलं नाही. दहा वेळा डोळे उघडे ठेवून आणि अकराव्यांदा डोळे मिटून, नुसता आवाज ऐकत. ‘उजव्या दाराच्या खालच्या बिजागरीला सर्दी झालीया,’ असं म्हणून ती कपाट परत आत लोटायची. तिनं ‘थांबीव’ म्हटलं की टेम्पोचं इंजिन बंद. त्यापुढं मामांचंही चालत नसे.

दुसरे शिवाप्पा. जयसिंगपूरच्या व्यापारी घरातले, घर रेल्वेला अगदी लागून. यांच्या कपाटाचं दार गाडी गेली की आपोआप उघडायचं. ‘मिरजेहून गाडी सुटली की आमच्या आधी कपाटाला कळतं,’ अशी त्यांनी शांतपणे सुरुवात केली, आणि पाचव्या मिनिटाला ‘येन्री इदु, येन्री इदु’ (म्हणजे ‘हे काय हो’) करत ते कन्नडमध्ये जे शिरले ते चहा थंड होईपर्यंत मराठीत परतले नाहीत. मामांना एक अक्षर कळलं नाही, तरी ते मान डोलवत होते. नंतर मला म्हणाले, ‘रागाला आला की हा गडी आईच्या भाषेत जातोय. आईच्या भाषेत कुणाला खोटं बोलाय जमत न्हाय. माल इकायला आसाच माणूस पायजे.’ आणि खरोखर शिवाप्पांनी सीमाभागात कपाटं विकली ती आधी खोट सांगून. ‘अण्णा, एक सांगतो, हे कपाट रेल्वेजवळ ठेवू नका.’ ज्याच्या गावाला रेल्वेच नाही तो माणूस निर्धास्त होऊन दोन घ्यायचा.

तिसरा हिंदुराव पैलवान. हातकणंगल्याचा. कुस्ती सुटलेली, खुराक सुटला नव्हता. याच्या कपाटाचा एक पाय आखूड. यानं कपाट टेम्पोनं नाक्यापर्यंत आणलं, टेम्पोवाल्याशी काहीतरी बिनसलं म्हणून तिथून पाठीवर घेतलं, आणि बाकड्यासमोर उभं करून म्हणाला, ‘ठिवा तुमचं तुमच्यापाशी.’ मामा पैलवानाकडं न पाहता कपाटाभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले. ‘नाक्यापास्नं आणलंसा, आन् एक चरा न्हाय ओढला. आमचा टेम्पोवाला दोन गल्ल्या जातोय तर चार पोचे पाडतोय.’ त्या दिवसापासून कपाटं पोचवायचं काम हिंदुरावकडं. यात एकच अडचण होती. कपाट बहुधा लग्नातलं असायचं, आणि नवरीच्या घरून ते उचलताना पैलवानाला रडू आवरायचं नाही. नवरीचा बाप त्याची समजूत काढत टेम्पोपर्यंत यायचा.

त्या काळात मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन व्यवस्थापनाची पदविका घेतली होती, आणि ती कुणावर तरी वापरावी असं मला फार वाटे. मामांना मी सांगितलं, माणसं अशी निवडत नाहीत, त्यासाठी मुलाखत असते. मामा म्हणाले, आणा की एखादा. मी आमच्या शेजारचा एक पदवीधर नेला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्रमाणपत्रांची फाईल. मामांनी त्याला एक कपाट दाखवलं, ज्याचा मधला कप्पा मुद्दाम तिरका बसवलेला होता, आणि विचारलं, कसं हाय? त्यानं कपाटाकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘उत्तम आहे, सर.’

मामांनी त्याला चहा पाजून निरोप दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘खोट दिसली न्हाय तर शिकवता येतंय, पावणं. दिसूनबी जो उत्तम म्हणतोय, त्याला काय शिकवायचं?’ माझी पदविका मी घरी जाऊन ट्रंकेत ठेवली. ते वाक्य मात्र ट्रंकेत राहिलं नाही. काही वर्षांनी ते माझ्याच मानगुटीवर येऊन बसलं, पण ते पुढं येईल.

मामांची राज्य करायची पद्धतही अशीच. कामगार चुकला तर ते त्याला एक शब्द बोलत नसत. चुकलेलं कपाट मध्यभागी उभं करून ते कपाटालाच रागवत. ‘काय रं, लाज न्हाय वाटत? येवढा चांगला येल्डर तुला लाभला, आन् तू फाकलास व्हय?’ हे अर्धा अर्धा तास चाले, आणि तो चांगला वेल्डर मागं उभा राहून घामाघूम होई. रजेचा नियम असा की आजी वारली म्हणून सांगणाऱ्याला चौकशी करून रजा मिळे, आणि ‘आज कंटाळा आलाय, मालक’ म्हणणाऱ्याला ताबडतोब. ‘खरं बोलला, आजचा दिवस त्याचा,’ असं म्हणून वर चहा.

सगळ्यात कडक नियम खुर्चीचा. मामा जेवायला घरी जाताना ज्याला खुर्चीवर बसवून जात, तो ते परत येईपर्यंत मालक. परत आल्यावर मामा दारात उभे राहून ‘येऊ काय?’ असं विचारत. एकदा खुर्चीवर हिंदुराव होता. त्यानं मामांकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, ‘नगं. लई दमलासा. घरला जावा आन् झोपा.’ आणि मामा, भर लग्नसराईत, मुकाट्यानं घरी जाऊन झोपले. ‘खुर्चीवर बसंल त्याचं ऐकायचं. मीच न्हाय ऐकलं तर बाकीची का ऐकतील?’ हे त्यांचं नेतृत्वाचं शास्त्र. माझ्या पदविकेच्या पुस्तकात त्यावर एक ओळही नव्हती.

आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, या शास्त्राची परीक्षा असे. मशीनला हार, पान्या-पकडींना हळदकुंकू, आणि पूजा झाली की पेढ्यांचा पुडा मामांच्या मांडीवर. पेढा फुकट नव्हता. प्रत्येकानं मालकाची एक खोट सांगायची, मगच पेढा. सुरुवातीच्या वर्षांत या कार्यक्रमाला मी तिकीट काढूनसुद्धा गेलो असतो. ‘तुमी एकच गोष्ट चारदा सांगतासा.’ ‘तुमी पत्रा वाण्यागत घासाघीस करून घेतासा, मग त्यो गंजका येतोय.’ आक्काताई तर एका वर्षी सात खोटी सांगून सात पेढे घेऊन गेली होती. मामा प्रत्येक खोटीला ‘बरूबर हाय’ म्हणत आणि वहीत लिहून ठेवत.

एक काम मात्र मामांनी कुणालाही दिलं नव्हतं. रंग. कारखान्याचा हिरवा रंग ते स्वतः मिसळत, आणि तो जिल्ह्यात प्रसिद्ध होता. आंब्याच्या जून पानाचा हिरवा. माप नाही, कागद नाही. डबा उन्हात नेऊन, शेडमागच्या आंब्याचं पान शेजारी धरून, काठीनं ढवळत राहायचं, आणि एका क्षणाला ‘झालं’ म्हणायचं. ‘हिरवा डब्यात नसतोय, नजरंत असतोय,’ असं ते म्हणत. आणि गोष्ट बिघडली ती नेमकी तिथंच.

नवं शतक सुरू होऊन तीनएक वर्षं झाली होती. आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, आणि मामांकडून कपाट आलं. हिंदुरावनं ते भिंतीला लावलं, कागद काढला आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. कपाटाचं एक दार आंब्याच्या पानाचं होतं. दुसरं मोराच्या मानेचं.

‘पैलवान, हे काय?’

‘काय न्हाय. उजेडाची झाक पडलीया.’

‘दोन दारांना दोन रंग आहेत.’

हिंदुरावचे डोळे भरून आले. लग्नघर नसताना मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. ‘मालकास्नी एकच दिसतोय,’ तो म्हणाला.

मामांना मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांत. मामी डॉक्टरकडं चला म्हणून मागं लागल्या होत्या, आणि मामा, मामींना नव्हे, घरातल्या आरशाला रागावून सांगत, ‘मला समदं दिसतंय.’ कारखान्यात सगळ्यांना कळलं होतं. पण त्या रंगावर मामांचा जीव होता, आणि मामांवर सगळ्यांचा. चौदा माणसांनी, कुणी कुणाला न सांगता, गप्प बसायचं ठरवलं होतं. आक्काताईसुद्धा. बिजागरीची सर्दी ओळखणारी ती बाई दोन रंगांची कपाटं दहा वेळा उघडून, अकराव्यांदा डोळे मिटून, बाहेर सोडत होती. मला वाटतं, डोळे ती जरा जास्तच वेळ मिटत असावी.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा शेडवर गेलो. मामा दारातच होते. माझा हात धरून, चेहरा अगदी जवळ आणून त्यांनी विचारलं, ‘पावणं, कपाट कसं हाय?’

मी म्हणालो, ‘उत्तम आहे, मामा.’

आणि गंमत पाहा, गिऱ्हाइकांनीही तेच केलं. मामांच्या हातचं कपाट घरात आलेलं, ते स्वतः दारापर्यंत येऊन खुशाली विचारून गेलेले, आता त्या म्हाताऱ्याला रंगावरून काय बोलायचं? लोक कपाटाचं निळं दार भिंतीच्या सावलीत येईल असं लावून घेत आणि गप्प बसत. फक्त पुढचं कपाट घ्यायला येत नसत. सीमाभागातले दुकानदार शिवाप्पांना ‘या वेळी राखाडीच द्या’ म्हणू लागले, मग तेही म्हणेनात. ज्या कारखान्याला भांडणानं मोठं केलं, तो आता मायेनं बुडायला लागला होता.

बाकडं रिकामं पडलं. मामा रोज ते पुसत, तेल लावत आणि वाट पाहत. ‘सा म्हैनं झालं, कुणी बसलं न्हाय. कायतरी मोठं बिघडलंय, पावणं.’ मी म्हणालो, तक्रार नाही म्हणजे माल चांगला. त्यांनी माझ्याकडं, म्हणजे माझ्या जरा डावीकडं, पाहिलं. ‘भांडायचं बंद झालं म्हंजे माणूस आपल्यातनं उठला.’ पुढं पुढं तर ते रस्त्यात माणसं थांबवू लागले. ‘पावणं, आमचं कपाट हाय काय तुमच्यात? मग काय तरास?’ ‘काय न्हाय मामा, झ्याक हाय.’ मामा मान खाली घालून पुढं चालायला लागत.

त्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत. तो म्हणत होता, शेड भाड्यानं देऊन टाका आणि आराम करा. मामा दोन वर्षं ‘बघू’ म्हणत होते. मग एका सप्टेंबरात त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, ‘खुर्चीला माणूस पायजे. माझ्यातली खोट जो सांगंल त्योच ही खुर्ची सांभाळंल. दसऱ्यापतोर गावला न्हाय, तर दिवाळीनंतर शेडला कुलूप.’

चौदा घरांच्या चुली त्या कुलपाच्या आत होत्या.

त्या खंडेनवमीला मीही होतो. पूजा झाली, पुडा मांडीवर आला. पहिला हिंदुराव. ‘मालक, तुमी जेवताना लई कमी जेवतासा.’ मामांनी पेढा दिला, वहीत काही लिहिलं नाही. शिवाप्पा म्हणाले, ‘तुम्ही शर्टाची वरची गुंडी लावत नाही.’ वेल्डर म्हणाला, ‘तुमी आमाला लई जीव लावतासा.’

‘ह्या काय खोटी झाल्या?’ मामा म्हणाले. ‘आरती म्हणाय लागलासा व्हय माझी?’

माझी पाळी आली. मी म्हणालो, ‘मामा, इतकी वर्षं झाली तरी तुम्ही मला पाहुणाच समजता.’ सगळे हसले. पेढा माझ्या तोंडात फिरत राहिला.

आक्काताई उठली आणि पेढा न घेता शेडच्या आत गेली. आतून पत्रा फरशीवर घासत आणल्याचा आवाज आला. तिनं एक दार ओढत आणून उन्हात भिंतीला टेकवलं. पुन्हा आत गेली. हिंदुराव तिला हात द्यायला उठला नाही, तो जमिनीकडं बघत होता. दुसरं दारही तिनं एकटीनंच आणलं.

‘मालक, ह्यातलं आपलं हिरवं कुठलं?’

मामा हसले. ‘दोन्हीबी आपलीच की.’

‘एक सांगा.’

मामा उठून दारांजवळ गेले. आधी लांबून पाहिलं, मग नाक लागेल इतक्या जवळून. मग तळहात फिरवला. हाताला रंग कळत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी दोन्ही दारांवरून हात फिरवला, आणि बऱ्याच वेळानं डाव्या दारावर बोट टेकवलं. ‘ह्यो.’

‘त्यो निळा हाय, मालक.’

मामांनी बोट काढलं नाही. ‘कवापास्नं?’

‘दोन वरसं.’

‘समद्यास्नी ठावं हुतं?’

कुणी मान वर केली नाही. मामा माझ्या दिशेला वळले. ‘पावणं, तुमास्नी?’

‘आमच्या घरी एक आहे, मामा.’

‘उत्तम हाय म्हणलासा.’

‘हो.’

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते आक्काताईकडं वळले. ‘दोन वरसं गप बसलीस. मग आजच का?’

आक्काताईचा तो आठ म्हशींचा आवाज त्या दिवशी जेमतेम आम्हाला ऐकू आला. ‘तुमी मला ह्याच कामाला ठिवलंईसा. दोन वरसं मी पगार घेतला आन् काम केलं न्हाय. आन् कुलूप लागंल म्हणलासा. तुमचं कुलूप एकदा लागलं की उघडत न्हाय, मालक. माझ्यापरीस कुणाला ठावं हाय त्ये?’

मामा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा शोधला. हसून झाल्यावर त्यांनी वही काढली, चाचपडत पेन काढलं, आणि ती खोट दोन ओळी एकमेकींवर चढवत लिहून ठेवली. मग खुर्ची हातानं पुसून म्हणाले, ‘बस.’

‘मी न्हाय बसत. मी कपाटं उघडाय आलतो, मी घरला जातो.’

‘खुर्चीचा नियम हाय आक्का. मोडतीस?’

ती काठावर बसली, केव्हाही उठता येईल अशी. मामा तिच्यासमोरच्या वीतभर स्टुलावर बसले आणि हात जोडले. ‘काय हुकूम, मालकीणबाई?’

आक्काताई म्हणाली, ‘उद्या दसरा. परवा डोळं दाखवायचं.’

मामी दोन वर्षं हरल्या होत्या, मुलगा हरला होता. मामा म्हणाले, ‘व्हय.’ आणि उरलेला पुडा त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं दिवाळीच्या अलीकडं-पलीकडं झाली. मुलगा पुण्याहून शेडच्या भाड्याचे कागद घेऊन आला, तर आत खुर्चीवर आक्काताई आणि बसायला मोकळं फक्त बाकडं. तो बसला. आक्काताई लगेच स्टुलावर आली, चहा मागवला आणि विचारलं, ‘बोला, काय तक्रार हाय?’ तो म्हणे दीड तास बोलला. बापाशी बोलायचं राहून गेलेलं सगळं बोलला. संध्याकाळी कागद बॅगेत तसेच होते, आणि पुण्याच्या बाजूला कपाटं विकायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

नीट दिसू लागल्यावर मामांनी पहिलं काम केलं ते म्हणजे हिंदुरावला घेऊन घरोघर हिंडणं. दोन वर्षांतलं प्रत्येक कपाट त्यांनी जाऊन पाहिलं आणि रंग बदलून देतो म्हणून सांगितलं. आमच्याकडं आले तेव्हा कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मग खोटी लिहायची ती वही माझ्यापुढं धरली. मी लिहिलं, ‘दोन दारांना दोन रंग. हे वेळेवर सांगितलं नाही.’ त्यांनी वाचलं, चष्मा न लावता. ‘आता झालं पावणं घरचं,’ म्हणाले. रंग मात्र बायकोनं बदलू दिला नाही. ते कपाट आजही तसंच आहे, आणि सकाळच्या उन्हात निळं दारच जास्त खुलतं असं तिचं मत आहे.

रंग आता मापानं होऊ लागला होता. आक्काताईनं मुलाकडून तक्ता करून घेतला होता, वेल्डरचा भाऊ तो पाहून मिसळायचा. बाकड्यावर पुन्हा माणसं दिसू लागली होती. एका सकाळी मी सहज गेलो, तर बाकड्यावर मामा. अंगात ठेवणीतला कोट, हातात आंब्याचं पान, आवाज चढलेला. ‘ह्यो आपला हिरवा न्हवं. जून पान म्हंतासा ह्याला? शेवाळ हाय ह्ये. तक्त्यात बघून कुठं हिरवा हुतोय व्हय?’ समोर स्टुलावर आक्काताई, मान वर करून ऐकत होती. तासभर तिनं मध्ये एक शब्द घातला नाही. ते दमले तेव्हा तिनं चहा त्यांच्याकडं सरकवला.

‘मालक, असा रंग भाईर जाऊ नये म्हणून काय करायला पायजे?’

‘काय करायचं? कुणीतरी जाणत्यानं रोज डबा उन्हात धरून बघाय पायजे.’

‘मग बघा की तुमीच. कवापास्नं येतासा?’

मामांनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. पण ते हसले नाहीत. कोटाची वरची गुंडी लावली आणि म्हणाले, ‘सोमवारपास्नं.’

त्याला आता काही वर्षं झाली. हजेरीच्या वहीत त्यांचं नाव सर्वांत शेवटी आहे, वेल्डरच्या भावाच्या खाली, आणि ते रोज आठच्या ठोक्याला सही करतात. बँकेत जाताना मी कधी वाट वाकडी करून शेडमागं डोकावतो. मामा उन्हात उभे असतात, एका हातात डबा, एका हातात पान. ‘झालं’ असं आता ते लगेच म्हणत नाहीत. आक्काताईला हाक मारतात. ती येते, पान बघते, डबा बघते, मग मामांकडं बघते आणि बहुतेक वेळा मान डोलवते. क्वचित एखाद्या दिवशी मात्र ‘थांबीव’ म्हणते. मग मामा काठी उचलून पुन्हा ढवळायला लागतात. असं थांबवलेल्या दिवशी ते जितके खूश दिसतात, तितकं खूश मी त्यांना खुर्चीवर कधी पाहिलं नाही.